वाचकांचे प्रश्न : रडर ऐकत नाही तेव्हा

लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरविषयी आलेल्या पत्रांपैकी रडरसंबंधीची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. उभ्या शेपटीच्या मागच्या कडेला असणारा हा हलता भाग विमानाचे नाक डावी-उजवीकडे वळवतो. खऱ्या विमानात तो पायांनी चालवतात. जॉयस्टिकवर मात्र तो बहुधा मूठ पिळून किंवा थ्रॉटलवरच्या, म्हणजे इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणाऱ्या दांड्यावरच्या, छोट्या पट्टीने चालवावा लागतो आणि बऱ्याच तक्रारींचे मूळ या तडजोडीतच असते.

प्रश्न : मूठ पिळली की माझा रडर क्षणभर हलतो आणि लगेच मध्यावर परततो, कधी कधी तो हलतच नाही. विंडोजच्या चाचणीत मात्र तोच अक्ष, म्हणजे पिळण्याची तीच हालचाल, व्यवस्थित चालताना दिसतो. वेगळा थ्रॉटल विकत घेऊन जोडल्यापासून हा त्रास सुरू झाला. जॉयस्टिक बदलावी काय?

उत्तर : बदलू नये. त्रास थ्रॉटल जोडल्यानंतर सुरू झाला, हे आपणच लिहिले आहे आणि निदानासाठी तेवढे जवळजवळ पुरेसे आहे. एकाच रडरवर दोन उपकरणांचे अक्ष नेमले गेले आहेत, अशी दाट शक्यता दिसते. डीसीएस वर्ल्डसारखा सिम्युलेटर नवे उपकरण दिसताच त्याच्या अक्षांना आपल्या समजुतीप्रमाणे कामे वाटून मोकळा होतो. त्यामुळे आपल्या नव्या थ्रॉटलवरची एखादी पट्टी किंवा फिरती कळ आपल्याला न विचारता रडरवर जाऊन बसलेली असू शकते. आपण मूठ पिळता तेव्हा जॉयस्टिक ‘उजवीकडे’ असे सांगते आणि पुढच्याच क्षणी थ्रॉटल ‘मध्यावर’ असे सांगतो. जो शेवटी बोलतो त्याचे ऐकले जाते आणि रडर परत फिरतो.

खात्री करण्यासाठी नियंत्रणांच्या पानावर जाऊन फक्त अक्षांची यादी उघडावी आणि रडरची ओळ डावीकडून उजवीकडे पूर्ण वाचावी. प्रत्येक उपकरणासाठी तेथे स्वतंत्र स्तंभ असतो. जॉयस्टिकच्या स्तंभात बहुधा ‘झेड रोटेशन’ या अर्थाची नोंद दिसेल; ती तशीच ठेवावी. थ्रॉटल, पेडल, गेमपॅड यांपैकी अन्य कोणत्याही स्तंभात त्याच ओळीत नोंद आढळली, तर ती काढून टाकावी. गेमपॅडचा उल्लेख मुद्दाम करतो आहे, कारण दुसऱ्या खेळासाठी जोडलेला आणि टेबलाच्या कोपऱ्यात विसरलेला गेमपॅड हाच अनेकदा खरा अपराधी निघतो. याच सिम्युलेटरमध्ये प्रत्येक विमानाची नेमणूक वेगळी साठवली जाते, हेही ध्यानात असू द्यावे. मस्टँगमध्ये दुरुस्ती केली म्हणून स्पिटफायरमध्ये ती आपोआप होत नाही. तेथे जाऊन तीच ओळ पुन्हा तपासावी लागते.

याने काम झाले नाही, तर दोष नेमका कोणत्या टप्प्यावर आहे हे शोधावे लागेल. हाताची हालचाल आधी जॉयस्टिकमधल्या सेन्सरपर्यंत, तेथून संगणकाच्या प्रणालीपर्यंत, मग सिम्युलेटरच्या नेमणुकीपर्यंत आणि सर्वांत शेवटी विमानाच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचते. पहिल्या दोन टप्प्यांची परीक्षा विंडोजच्या ‘गेम कंट्रोलर्स’ या खिडकीत होते आणि ती आपण केलेली आहे. तिसऱ्या व चौथ्या टप्प्यासाठी विमान उभे असताना बाहेरचे दृश्य निवडून शेपटीकडे पाहावे. डीसीएसमध्ये उजवी कंट्रोल कळ आणि एंटर एकत्र दाबल्यास नियंत्रणांची स्थिती दाखवणारी छोटी चौकट उघडते, तिच्या तळाशी रडरची आडवी पट्टी असते. मूठ पिळल्यावर ही खूण सरकली नाही, तर दोष नेमणुकीत आहे. खूण सरकते आणि तरीही विमान वळत नाही, असे असेल तर जॉयस्टिक निर्दोष आहे. तेव्हा वेग, चाके, ब्रेक यांच्याकडे वळावे.

आणखी दोन संशयित आहेत. ‘ऑटो रडर’ ही साहाय्यक सोय चालू असेल, तर सिम्युलेटर स्वतःही रडर हलवत राहतो आणि आपल्याला तो आपल्या हातातून निसटल्यासारखा वाटतो. वॉर थंडर या खेळात माउसने नेम धरण्याची पद्धत निवडलेली असताना ‘इन्स्ट्रक्टर’ ही साहाय्यक सोय हेच करते, तेव्हा तेथे पूर्ण वास्तव नियंत्रणाची पद्धत निवडल्याशिवाय रडरची परीक्षा घेण्यात अर्थ नाही. दुसरा संशयित म्हणजे स्टीम, ज्याच्यातून अनेक जण खेळ विकत घेतात आणि चालवतात ते सॉफ्टवेअर. त्याची ‘स्टीम इनपुट’ ही सोय काही वेळा जॉयस्टिकला गेमपॅडचे सोंग देते आणि त्या सोंगात पिळण्याच्या अक्षाला जागाच उरत नाही. त्या खेळापुरती ती सोय बंद करावी.

प्रश्न : शत्रूच्या विमानावर नेम धरला की माझ्या विमानाचे नाक सूक्ष्म थरथरते. मुठीवरचा हात काढला तरी थरथर थांबत नाही. जॉयस्टिकवर चुंबकीय सेन्सर असल्याचे लिहिलेले आहे, म्हणजे ती झिजायला नको होती. मग हे कशाने होते?

उत्तर : हात काढल्यावरही थरथर चालू राहते, ही आपली नोंद फार मोलाची आहे, कारण त्यामुळे हाताचा कंप हे कारण बाद होते. ‘गेम कंट्रोलर्स’च्या खिडकीत जॉयस्टिकच्या गुणधर्मांमध्ये जाऊन पिळण्याच्या अक्षाची पट्टी मूठ सोडून काही वेळ पाहावी. तेथूनच उघडणाऱ्या कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे अक्षाचा मध्य व टोके संगणकाला नव्याने दाखवण्याच्या सोयीत, एक खूणचौकट असते, ती निवडल्यास मूळ आकडेही दिसतात. सेन्सर निरोगी असेल तर आकडा एका जागी थांबतो किंवा फार तर एखाद्या अंकाने मागेपुढे होतो. आपल्याकडे तो बहुधा कितीतरी अंकांनी उड्या मारताना दिसेल.

चुंबकीय सेन्सरबाबत खोक्यावर लिहिलेले खोटे नसते, पण पुष्कळ जॉयस्टिकमध्ये ते अपुरे असते. हॉल परिणामावर चालणारा, चुंबक आणि त्याच्यासमोरचा सेन्सर यांच्यात कोणताही स्पर्श नसलेला हा प्रकार बऱ्याचदा पुढे-मागे आणि डावी-उजवी या दोन मुख्य अक्षांपुरताच वापरलेला असतो. पिळण्याचा अक्ष आणि थ्रॉटल यांच्यासाठी तेथेही जुना पोटेंशिओमीटरच बसवलेला असतो. पोटेंशिओमीटरमध्ये कार्बनच्या पट्ट्यावरून धातूची एक बारीक जीभ घासत फिरते. रडर बहुतेक वेळ मध्यावरच असतो आणि तेथल्या तेथेच हलतो, म्हणून पट्ट्याची झीजही नेमकी मध्याजवळ होते. झिजलेला कार्बन आणि धूळ जिभेखाली आली की स्पर्श तुटक होतो. जुन्या रेडिओचा आवाज वाढवताना जी खरखर ऐकू येते ती याच सुट्या भागाची असते. फरक इतकाच, की येथे ती ऐकू न येता विमानाच्या नाकावर दिसते.

उपाय हलक्यापासून सुरू करावेत. मूठ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा पूर्ण पिळावी; नुसती धूळ असेल तर एवढ्यानेही फरक पडतो. पडला नाही, तर सिम्युलेटरमध्ये त्या अक्षाला तीन ते पाच टक्के डेडझोन, म्हणजे मध्याजवळची हालचाल दुर्लक्षित राहील अशी जागा, द्यावा. दहा बिटांचा सेन्सर पूर्ण हालचालीचे १०२४ भाग करतो. आकडा दहा अंकांनी उडत असेल तर ती थरथर पूर्ण हालचालीच्या एक टक्क्याइतकीच असते आणि एवढ्या डेडझोनमध्ये ती सहज बुडते. उड्या त्याहून मोठ्या असतील तर डेडझोन वाढवत नेणे मला पसंत नाही, कारण मध्याजवळ मूठ पिळूनही काहीच होत नाही अशी मेलेली जागा वाढत जाते आणि बारीक नेम साधण्यासाठी नेमकी तीच जागा लागते.

त्यापुढचा उपाय म्हणजे जॉयस्टिक संगणकापासून काढून, उघडून, पोटेंशिओमीटरच्या फटीत इलेक्ट्रॉनिक भागांसाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर थोडासा फवारणे, तो भाग पुन्हा पुन्हा फिरवणे आणि पूर्ण सुकू देणे. बिजागऱ्यांना घालायचे तेल किंवा सर्वसाधारण वंगण येथे वापरू नये. त्यावर धूळ चिकटते आणि काही दिवसांनी अवस्था आधीपेक्षा वाईट होते. हमी शिल्लक असेल तर उघडण्यापूर्वी तिच्या अटी वाचाव्यात. स्वच्छतेनंतर काही काळ सगळे सुरळीत चालून थरथर परतली, तर पट्टाच झिजलेला आहे असे समजून तेवढा भाग बदलावा. भागाच्या अंगावर छापलेले रोधाचे मूल्य पाहून तेवढ्याच मूल्याचा नवा घ्यावा आणि मूल्य सरळ प्रमाणात बदलणारा, म्हणजे लीनियर प्रकारचाच घ्यावा.

थरथरीऐवजी अक्ष ठरावीक कोनावर एकदम एका टोकाला उडी घेत असेल, तर संशय तारेवर धरावा. पिळणाऱ्या मुठीच्या आतून जाणाऱ्या तारा दर वेळी मुरगळल्या जातात आणि वर्षानुवर्षांच्या वापराने डाखाजवळ आतल्या आत तुटतात. तेथे फवारा मारून काही उपयोग नाही. डाख पुन्हा द्यावा लागतो.

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धातली विमाने उडवताना धावपट्टीवर थ्रॉटल पुढे करताच विमान डावीकडे ओढले जाते आणि गवतात जाते. उजवा रडर पूर्ण दिला तरी पुरत नाही. मी कॅलिब्रेशन पुन्हा पुन्हा केले. जेट विमानांत असे होत नाही, म्हणजे जॉयस्टिक ठीक असावी. पण मग चुकते कोठे?

उत्तर : आपला तर्क बरोबर आहे. जॉयस्टिक ठीक आहे आणि विमानही जसे वागायला हवे तसेच वागते आहे. कॅलिब्रेशन आता थांबवावे.

एका मोठ्या पंख्यामागे हजाराहून अधिक अश्वशक्तीचे इंजिन असते तेव्हा चार गोष्टी एकाच वेळी घडतात. वैमानिकाच्या नजरेने पंखा घड्याळाच्या दिशेने फिरत असेल, तर प्रतिक्रिया म्हणून विमानाचा सांगाडा डावीकडे कलू पाहतो, डाव्या चाकावर भार येतो आणि ते चाक अधिक घासते. पंख्याने मागे फेकलेली हवा सर्पिलाकार फिरत येऊन उभ्या शेपटीच्या डाव्या बाजूवर आदळते आणि नाक डावीकडे वळते. शेपटीचे चाक जमिनीवर असताना नाक वर असते, त्यामुळे खाली येणारी उजवीकडची पाती हवेला अधिक कोनाने कापतात व उजवी बाजू अधिक जोराने पुढे जाते. नाक पुन्हा डावीकडेच. शेवटी शेपूट उचलली जाते त्या क्षणी फिरता पंखा भोवऱ्यासारखा वागून आणखी एक झटका देतो आणि तोही डावीकडेच असतो. सुरुवातीला वेग नसल्यामुळे रडरवरून पुरेशी हवा वाहत नाही आणि नेमक्या याच वेळी शक्ती सर्वाधिक असते. म्हणूनच पूर्ण उजवा रडरही अपुरा पडतो. जेटमध्ये पंखा नसल्याने यांपैकी काहीच घडत नाही.

उपाय रडरपेक्षा थ्रॉटलमध्ये अधिक आहे. तो एकदम ढकलू नये. वेग वाढेल तसा टप्प्याटप्प्याने पुढे न्यावा. पी-५१ डी मस्टँगमध्ये उड्डाणापूर्वी रडर ट्रिम (रडर हाताने न धरता तो एका बाजूला रोखून ठेवणारी सोय) उजवीकडे ६ अंशांवर ठेवतात आणि उड्डाणासाठी मॅनिफोल्ड दाब (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब, म्हणजे शक्तीचे माप) ६१ इंचांपर्यंत नेतात, पण सावकाश. या विमानात दांडी मागे ओढून धरलेली असताना शेपटीचे चाक रडरबरोबर दोन्ही बाजूंना ६ अंशांपर्यंतच वळते आणि विमान सरळ राहण्यास मदत होते. दांडी पुढे ढकलली की ते चाक मोकळे सुटते. धावेच्या आरंभी दांडी पुढे ढकलण्याची घाई हे गवतात जाण्याचे फार मोठे कारण आहे. पुरेसा वेग येईपर्यंत दांडी मागेच राहू द्यावी. बीएफ १०९ मध्ये शेपटीच्या चाकाला वेगळे कुलूप असते. धावपट्टीवर सरळ उभे राहिल्यावर ते लावावे. त्या विमानात वैमानिकाला उड्डाणात फिरवता येईल असे रडर ट्रिमच नव्हते, म्हणून कमी वेगात उजवा आणि मोठ्या वेगात डावा रडर स्वतः धरूनच उडवावे लागते. पिळण्याच्या मुठीवर हे थकवणारे आहे, पण तो दोष मुठीचा नव्हे.

सगळीच विमाने डावीकडे ओढत नाहीत, हेही सांगून ठेवतो. मर्लिन इंजिनाची स्पिटफायर डावीकडे जाते, तर ग्रिफन इंजिनाची उजवीकडे, कारण ग्रिफनचा पंखा उलटा फिरतो. पहिलीवर हात बसलेला माणूस सवयीने उजवा रडर देऊन दुसरीला अधिकच वेगाने धावपट्टीबाहेर नेतो आणि मग रडरचा अक्ष उलटा झाल्याची तक्रार करतो. अक्ष उलटा आहे की नाही, हे नेहमी इंजिन बंद असताना शेपटीकडे पाहून ठरवावे. पी-३८ लाइटनिंगचे दोन पंखे परस्परविरुद्ध फिरतात, त्यामुळे त्यात ही ओढ जवळजवळ नसतेच. शंका असेल तर तुलनेसाठी ते विमान घेऊन पाहावे.

प्रश्न : हवेत रडर चालतो, जमिनीवर मात्र विमान वळतच नाही. असे का होते?

उत्तर : कारण जमिनीवर वळवण्याचे काम रडर करत नाही, चाके करतात. एफ-१६ मध्ये नाकाखालच्या चाकाचे वळण वेगळ्या कळीने चालू करावे लागते. ती कळ नेमलेली नसेल तर मूठ कितीही पिळली तरी विमान सरळच जाईल. स्पिटफायर आणि मिग-२१ यांच्यात दांडीवरचा ब्रेकचा खटका दाबून धरायचा आणि त्याच वेळी रडर द्यायचा असतो, म्हणजे त्या बाजूच्या चाकाला अधिक ब्रेक लागतो व विमान तिकडे वळते. ब्रेकचा खटका नेमलेला आहे का, हे आधी पाहावे.

प्रश्न : एफ-१६ मध्ये हवेतही रडरचा परिणाम नगण्य वाटतो. संवेदनशीलता वाढवू का?

उत्तर : वाढवू नये. या विमानाचा उड्डाण-संगणक वळताना लागणारा रडर स्वतःच देतो आणि नाक फार वर असताना वैमानिकाने मागितलेला रडर मुद्दाम कमी करतो. त्यामुळे नेहमीच्या उड्डाणात रडरला हात लावण्याची वेळ क्वचितच येते.

प्रश्न : झटकन दांडी मागे ओढली की माझ्या हातून मूठही पिळली जाते आणि विमान घसरत वळते. पेडल घ्यावेत काय? घेतले तर ते बसवताना काय पाहावे?

उत्तर : मनगटाची रचनाच अशी आहे, की जोराने ओढताना ते थोडे फिरते. सरावाने हे कमी होते, पूर्ण जात नाही. पेडल घेण्यापूर्वी रडरच्या अक्षाला कर्व्ह देऊन पाहावा. डीसीएसच्या ‘ॲक्सिस ट्यून’ खिडकीत वक्रता १५ ते २० ठेवली की मध्याजवळची हालचाल सौम्य होते आणि टोकाला मात्र पूर्ण रडर मिळतो. त्याच खिडकीत ‘स्लायडर’ नावाची चौकट आहे. ती थ्रॉटलसारख्या एका टोकापासून मोजायच्या अक्षासाठी असल्यामुळे रडरसाठी ती निवडलेली नसावी; निवडलेली असल्यास कर्व्ह मध्यापासून न लागता एका टोकापासून लागतो आणि डावा-उजवा रडर असमान होतो. ही चौकट चुकून निवडली गेल्याने हैराण झालेल्या वाचकांची पत्रे वरचेवर येतात.

परिणाम पाहण्यासाठी चेंडूवर लक्ष ठेवावे. उपकरणफलकावर वाकड्या काचनळीत एक काळा चेंडू असतो. तो ज्या बाजूला सरकेल त्या बाजूचा रडर द्यायचा असतो. चेंडू बाजूला असताना विमान तिरके सरकत असते आणि झाडलेल्या गोळ्याही नेमाच्या बाजूने निघून जातात. नेम चुकतो म्हणून दृष्टियंत्राला दोष देणाऱ्यांनी त्या क्षणी चेंडू कोठे होता हे एकदा पाहावे.

पंखा असलेली विमाने नियमित उडवत असाल तर पेडल जरूर घ्यावेत. केवळ आधुनिक जेट उडवणाऱ्याला त्यांची निकड नाही. घेतल्यावर पहिले काम म्हणजे मुठीचा पिळण्याचा अक्ष रडरवरून काढणे, नाही तर पहिल्या प्रश्नातली भानगड आपल्याकडेही होईल. काही जॉयस्टिकमध्ये मूठ पिळू नये म्हणून स्क्रूने घट्ट करण्याची सोय असते, तिचा उपयोग करावा. दुसरे काम ब्रेकचे. बऱ्याच पेडलांत पंजाने दाबायच्या ब्रेकचा अक्ष सिम्युलेटरच्या अपेक्षेच्या उलट चालतो, म्हणजे पाय उचललेला असताना ब्रेक पूर्ण लागलेला आणि दाबल्यावर सुटलेला असतो. पूर्ण शक्ती देऊनही विमान जागचे हलत नसेल किंवा एका बाजूला गोल फिरत असेल, तर दोन्ही ब्रेकच्या अक्षांना ‘इन्व्हर्ट’ची खूण करावी.

प्रश्न : सगळे नीट बसवले होते. वायर दुसऱ्या यूएसबी खाचेत लावल्यावर रडरसह सर्व नेमणुका नाहीशा झाल्या. पुन्हा पहिल्यापासून करावे लागेल काय?

उत्तर : आधी वायर जुन्या खाचेत लावून पाहावी, पुष्कळदा सगळे परत येते. खाच बदलल्यावर संगणक काही वेळा तेच उपकरण नवे समजून त्याला नवी ओळख देतो आणि सिम्युलेटर नेमणुका त्या ओळखीच्या नावाने साठवतो; म्हणजे त्या नाहीशा होत नाहीत, जुन्या नावाखाली पडून असतात. डीसीएसमध्ये त्या ‘सेव्ह्ड गेम्स’ या फोल्डरच्या आतल्या ‘कॉन्फिग’ आणि ‘इनपुट’ या फोल्डरांत विमानवार सापडतात आणि नियंत्रणांच्या पानावरून उपकरणाच्या स्तंभाच्या शीर्षावर क्लिक करून ‘लोड प्रोफाइल’ने पुन्हा उचलता येतात. ते ‘इनपुट’ फोल्डर दुसरीकडे उतरवून ठेवावे आणि कोणती वायर कोणत्या खाचेत, हे चिठ्ठी लावून निश्चित करावे.

खाच न बदलताही उड्डाणाच्या मध्येच रडर मरत असेल आणि वायर काढून घातल्यावर जिवंत होत असेल, तर वीज वाचवण्यासाठी यूएसबी बंद करणारी विंडोजची सोय तपासावी. पॉवरच्या प्रगत पर्यायांत ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करावे आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबच्या गुणधर्मांतली वीज वाचवण्याची खूण काढावी. जॉयस्टिक, थ्रॉटल आणि पेडल हे तिन्ही स्वतःची वीज नसलेल्या एकाच हबवर असतील, तर निदान जॉयस्टिक तरी थेट संगणकाच्या मागच्या खाचेत लावावी.